करंगळी

बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेजमध्ये
मेव्ह नावाची बाई भाड्याने राहायची.
नवरा न्हावाशेव्याला, क्रेनच्या कामावर.
आईची पाटी घेऊन मी दर बुधवारी जायची,
ओले बोंबील, दोन वाटे,
आणि ती म्हणायची, थांब, हात धुऊन ये.

असं सुरू झालं ते. साबण, लिंबू, पुन्हा साबण,
तरी तिच्या हार्पला दोन महिने
बोंबलाचा वास होता. ती बोलली नाही.

लाल तार म्हणजे सा, निळी म्हणजे म.
ही नावं माझी, तिची वेगळी होती.
कागद नाही, वही नाही. ती एक ओळ टाकायची,
मी उलटी द्यायची, बाजारात भाव फिरतो तशी,
जमेपर्यंत.
चार बोटं वाजवतात. पाचवं नाही.
करंगळी आखूड पडते, म्हणाली, तिला बसू दे.
शाळेत करंगळी वर करून आम्ही बाहेर जायचो,
तेवढंच तिचं काम मला ठाऊक.
आणि गोवर्धन.

मग क्रेनचं काम संपलं.
हार्प लाकडी खोक्यात गेली, खोक्यावर बाण,
ही बाजू वर.
मला तिने तारा मिळवायची किल्ली दिली. नुसती किल्ली.
कुलूप घेऊन गेली की गो, आई म्हणाली.

दिवाळ्याच्या धक्क्यावर हसुराममामा होड्या बांधायचा.
चिखलात काठीने मी त्याला आकार काढून दाखवला.
बराच वेळ बघून म्हणाला,
ही तं उभी केलेली होरी.
फणसाचं पोट, सागाची मान.
तुर्भ्याच्या लेथवाल्याने किल्लीच्या मापाने
चौतीस खुंट्या कातल्या, पैसे दिवाळीनंतर घेतले.
तारा बाबाच्या जाळ्याच्या, जाड, बारीक, आणखी बारीक.
खर्जाला जळक्या मोटरीचं तांबं.
बाबा भोवती एक फेरी मारून आला:
ह्या जाल्यान मासली घावंल का गो?
आणि गाठ त्यानेच शिकवली,
ओढाल तेवढी आवळत जाणारी.

नंतरचं सांगण्यासारखं थोडं आहे.
खारघरची लग्नं, पाणीपुरीच्या शेजारी.
एकाने पाठीला पंख बांधायला सांगितले.
बांधले. फ्रिजचा हप्ता होता.
वाशीच्या हॉटेलात तीन वर्षं, लिफ्टपाशी.
लिफ्ट दर मजल्याला गंधार लावायची, किंचित उतरलेला.
मीच त्याला मिळवून घेतलं.
आयर्लंडला एकदाच गेले, नऊ दिवस.
परीक्षकाने लिहिलं: सूर नेमका. वाद्य कोणतं?
मेव्हचा पत्ता विचारला तर हसले,
त्या नावाच्या तिथे गल्लोगल्ली,
आपल्याकडे सुनीता असतात तशा.
येताना खऱ्या तारांचा एक संच आणला.
अजून पाकिटात आहे.

आता सीवूड्सला पाच शिकाऊ मुली
आणि एक रिटायर्ड पोस्टमास्तर, सगळ्यांत मन लावणारे.
मंगळवारी नेरूळला, डायलिसिसच्या वॉर्डात.
यंत्रं आपला ठेका धरून असतात,
त्यांच्या मधून वाट काढत वाजवायचं.

खिडकीजवळच्या खाटेवर वर्तक म्हणून आहेत.
परवा म्हणाले, तुम्ही दिवाळ्याच्या का?
मी सिडकोत होतो. भूसंपादनात.
तुमच्या बाजूच्या नोटिसा सगळ्या माझ्याच अक्षरात.
आजाच्या मिठागराची नोटीस आईने
पत्र्याच्या डब्यात ठेवली आहे.
अक्षर फार सुंदर आहे, मला आठवतं.
ळ तर काढून ठेवावा असा.

मी काही म्हटलं नाही.
गंधाराची खटकी खाली केली, कोमल झाला,
आणि सावकाश सुरुवात केली.
त्यांचा सुई लावलेला हात उशीवर,
हलवायचा नाही असं बजावलेलं.
करंगळी तेवढी हलत होती.
तालात नाही, जरा मागे.
मी तिच्यासाठी थांबत थांबत वाजवलं.